पाचचा नेम

नीलाबाईंची फिकीर म्हणजे काही साधीसुधी फिकीर नव्हती. अहमदपूरच्या त्या गल्लीत फिकीर सगळ्याच बायका करायच्या, पण हातातलं काम सांभाळून करायच्या. नीलाबाईंचं तसं नव्हतं. महादेवाच्या देवळाला निघाल्या की अर्ध्या वाटेतून परत यायच्या, गॅसचं बटण बंद केलंय का ते बघायला. बंद असायचं. पुन्हा निघायच्या, पुन्हा परत. तरी बंदच. तिसऱ्या खेपेला समोरच्या ओट्यावरून इंदूताई हाक मारायच्या, "अहो नीलाबाई, एवढ्या फेऱ्यांत महादेवाला अकरा प्रदक्षिणा झाल्या असत्या की!"

नीलाबाई हसायच्या, पण बटण बघूनच यायच्या. पुण्यातला मुलगा, वीरेश, फोनवर खोकला तर यांचा दिवस गेला. नवऱ्याला, मलप्पांना, दुकानातून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर जीव टांगणीला. होता होता छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा मात्र मलप्पा घाबरले. लातूरला नेलं, छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. यांना मनाच्या कुणाला तरी दाखवा."

मनाच्या! मलप्पांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि परत काही काढला नाही. बाजारात स्टीलच्या भांड्यांचं त्यांचं दुकान. कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे, आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायचं विसरावं. त्यांच्या घरची बाई मनाच्या डॉक्टरकडे गेली असं गावात कळलं तर? छे, छे.

वाट काढली ती इंदूताईंनी. इंदूताई शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळ्या गल्लीच्या बाई. त्या बैठकीत येऊन म्हणाल्या, "आमच्या नातवाला, मिहिरला परीक्षेच्या वेळी भोवळ यायची, आठवतं ना? लातूरला राजश्री मुखेडकर म्हणून एक बाई आहेत. गोळी नाही, सुई नाही. बसवून घेतात, ऐकून घेतात, काय करायचं ते सांगतात. जीव थाऱ्यावर येतो."

आतल्या खोलीत मलप्पांचे कान टवकारले. एक बाई आहेत, काय करायचं ते सांगतात, जीव थाऱ्यावर येतो. त्यांच्या डोळ्यांपुढं पांढरी साडी, गळ्यात रुद्राक्ष आणि समोर धूप असं सगळं उभं राहिलं. अशा बायकांविषयी त्यांना लई आदर. बाहेर येऊन म्हणाले, "मग जावा की. इंदूताई संगं हायत म्हणल्यावर काय फिकीर? जाताना नारळ घ्या." इंदूताईंनी मान डोलावली. चांगलं होऊन राहिलंय ते कशाला मोडा, असं त्यांना वाटलं असणार.

तर अर्ध्या तिकिटावर एसटीत बसून, मांडीवर नारळ घेऊन, नीलाबाई लातूरला गेल्या. झेरॉक्सच्या दुकानावरती दुसरा मजला. बाहेर बाकावर अकरावी-बारावीची पोरं, त्यांच्या पाठीवर ती जडशीळ दप्तरं, आणि शेजारी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या आया. त्या सगळ्यांत साठी ओलांडलेल्या नीलाबाई एकट्याच. राजश्रीबाई निघाल्या पंचेचाळिशीच्या, सुती ड्रेस, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. मूळच्या नांदेडच्या, त्यामुळं बोलणं घरचं वाटलं. त्यांनी नारळ हातात घेतला, "हा कशाला, मावशी?" म्हणून विचारलं, आणि उत्तर मिळेना तेव्हा फायलींशेजारी ठेवून दिला.

"दिवसातून किती वेळ फिकीर करता?" त्यांनी विचारलं.

"दिवसभर की," नीलाबाई म्हणाल्या. "अजून कवा करायची?"

राजश्रीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आपण तिला एक वेळ ठरवून देऊ. रोज पंधरा मिनिटं. वेळ एकच, जागा एकच. त्या वेळात दुसरं काम नाही, नुसती फिकीर. मनात येईल ते कागदावर लिहायचं. बाकी दिवसात फिकीर आली की तिला सांगायचं, आत्ता नाही, तुझ्या वेळेला ये. वेळ संपली की पाणी प्यायचं आणि उठायचं. सहा आठवडे करा, एकही दिवस चुकवू नका. कोणती वेळ धरू?"

"पाच," नीलाबाई म्हणाल्या. "संध्याकाळचे पाच."

इतक्या झटकन म्हणाल्या की राजश्रीबाईंनी पेन थांबवलं. "पाचच का?"

"असंच." नीलाबाईंनी पदर सावरला. मग थोडं वाकून, हळू आवाजात विचारलं, "बाई, उपास धरावा लागंल का? सोमवार तर हायेच माझा."

"उपास?" राजश्रीबाई गडबडल्या. "नाही नाही. उलट चारला काहीतरी खाऊन घ्या. उपाशीपोटी फिकीर जास्त होते."

परतीच्या गाडीत नीलाबाई इंदूताईंना म्हणाल्या, "बाई लई मायाळू हायत. नेम बी सोपा दिला, उपासाबिगर." इंदूताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून नेम सुरू झाला. पावणेपाचला हातपाय धुवायचे, मंद गॅसवर चहाचं दूध ठेवायचं, बैठकीतल्या खिडकीपाशी खुर्ची ओढायची आणि पाचच्या ठोक्याला जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद मांडीवर घ्यायचा. खिडकीतून स्टँडकडं जाणारा रस्ता दिसायचा. सकाळी अकरा वाजता भाजी निवडताना गॅस आठवला की नीलाबाई मोठ्यानं म्हणायच्या, "आत्ता न्हाई. पाचला ये." एकदा नेमकी दारात भाजीवाली उभी होती. ती बिचारी खरंच पाचला आली.

आणि गंमत बघा. पाच वाजले की निम्म्या फिकिरी यायच्याच नाहीत. येतो म्हणून सांगून न आलेल्या पाहुण्यांसारखं व्हायचं. कागद मांडीवर, पेन्सिल हातात, आणि लिहायला काय, तर गच्चीवरची टाकी आणि वीरेशचा खोकला. छातीतली धडधड उतरली. देवळाला एका खेपेत जाऊन येऊ लागल्या.

घरात या नेमाचा दरारा केवढा! मलप्पांनी फर्मानच काढलं, पाच ते सव्वापाच बाईसाहेबांना कुणी हाक मारायची नाही, टीव्ही बंद, फोन बंद. नेमात मोडता घालणाऱ्याला पाप लागतं, हे त्यांना लहानपणापासून पाठ. दुसऱ्या आठवड्यात तर ते स्वतःच पाचला घरी येऊ लागले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आठच्या आत हा माणूस दुकानातून कधी हलला नव्हता. आता नोकराच्या हातात गल्ला देऊन यायचे, समोरच्या खुर्चीत बसायचे, आणि रस्त्याकडं बघत राहायचे.

"तुमी कामून आलाव?" नीलाबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

"नेमाला घरात कुणीतरी पायजे," मलप्पा म्हणाले. नीलाबाईंना ते खरं वाटलं.

तिसऱ्या भेटीला राजश्रीबाईंनी कागद चाळले. "गॅस, टाकी, वीरेश, गुडघा. आणि गेल्या चार दिवसांचे कागद तर कोरेच. वा मावशी! मग आता बरं वाटत असेल."

"हाव," नीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

राजश्रीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. घाई केली नाही.

"एक हाय," नीलाबाई म्हणाल्या. "ती पाचला येत न्हाई. ती उठल्यापासून बसलेलीच असती. तिला पाचला ये म्हणू तर कुठून ये म्हणू? ती जातच न्हाई."

"तिला नाव आहे का?"

आता हे नाव त्या घरात पाच वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. नीलाबाईंनी एकदा दाराकडं बघितलं, जसं काही मलप्पा झेरॉक्सच्या दुकानात उभे होते.

"शिवानी," त्या म्हणाल्या. आणि परत एकदा म्हणाल्या, "शिवानी. माझी थोरली."

मग सगळं बाहेर आलं. शिवानी नांदेडला शिकायला होती. दर शनिवारी दुपारी तिकडून निघायची आणि पाचच्या गाडीनं अहमदपूरला उतरायची. नीलाबाई खिडकीत उभ्या असायच्या. बरोबर पाच वाजून पाच मिनिटांनी दुकानातून फोन वाजायचा आणि मलप्पा दोनच शब्द बोलायचे, "आली का?" आली म्हटलं की फोन बंद. स्टँडवर घ्यायला मात्र कधी जायचे नाहीत. बाजारात लेकीची पिशवी धरून चाललेले मलप्पा लोकांना दिसले असते तर त्यांचा रुबाब कुठं राहिला असता?

पुढं शिवानी तिथंच शाळेत लागली आणि त्याच शाळेतल्या सुदर्शन नावाच्या शिक्षकाशी तिनं लग्न केलं. जातीबाहेर. वर घरी न विचारता, नोंदणी करून. मलप्पांनी तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी नीलाबाईंना समोर बसवलं आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की माझ्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय तू तिच्याशी बोलणार नाहीस, तिच्या दारात जाणार नाहीस. लिंगायताच्या घरातली ती शपथ. ती मोडायची म्हणजे जन्मल्यापासून गळ्यात असलेल्या देवाला खोटं पाडायचं. नवरा उपाशी मरतोय या भीतीनं त्यांनी ती घेतली, आणि त्या दिवसापासून पाळली.

"अन् अजून एक," नीलाबाई म्हणाल्या. "आधी हे मला 'शिवूची आई' म्हणून हाक मारायचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून तेच नाव माझं. त्या दिवसापासून 'वीरेशची आई' म्हणून राहिले. पैल्यांदा म्हणले तवा मी उठलेच न्हाई बगा. मला वाटलं दुसऱ्याच कुणाला तरी बोलवून राहिले."

"शिवानीला मुलंबाळं?"

"पोरगा झालाय म्हणं. तीन वर्सं झाली. इंदूताईंच्या भावजयीकडून कळलं. नाव काय ठेवलं ते ठाऊक न्हाई. इचारायचं धाडस झालं न्हाई." त्या पदरानं डोळे पुसत होत्या. "मनातल्या मनात आंघोळ घालते मी त्याला. पण हाक काय मारायची तेच कळत न्हाई."

राजश्रीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, हिला फिकीर म्हणायचं नाही. ही लेकीची ओढ आहे. पंधरा मिनिटांत ही कशी मावेल? शपथ मोडा असं मी सांगणार नाही. पण ज्यांनी घातली त्यांच्याशी बोलता तर येईल?"

"त्यांच्याशी? त्यांच्याशी कोण बोलतंय, बाई!"

"'तुम्ही असं केलंत' म्हणून सुरुवात केली की समोरचा माणूस भांडायलाच उभा राहतो. 'मला असं वाटतं' म्हणून सुरू करा. आणि एकच गोष्ट मागा, लहान. म्हणा बरं आत्ता."

"मला असं वाटतं," नीलाबाई म्हणाल्या आणि अडकल्या. "पुढचं येईना, बाई. मला काय वाटतं ते आजवर कुणी इचारलंच न्हाई. तोंडाला सवय न्हाई."

"मग सवय करा. रोज म्हणा. कुकरला म्हणा."

नीलाबाई कुकरला म्हणू लागल्या. पोळ्या लाटताना, भांडी घासताना, पुटपुट चालूच. एक दिवस मलप्पा पाठीमागं येऊन उभे राहिले.

"मला असं वाटतं..."

"काय वाटतं?"

नीलाबाईंच्या हातातलं लाटणंच पडलं. "की पंखा लई काळा झालाय."

मलप्पा स्टुलावर चढले आणि पंखा पुसला. दोन दिवसांनी नीलाबाईंनी परत धीर केला, तर तोंडातून निघालं की न्हाणीतला नळ गळतोय. नळ दुरुस्त झाला. पुढच्या खेपेला दाराची कडी. त्या तीन आठवड्यांत घराची सगळी डागडुजी झाली, आणि जे मागायचं होतं ते तसंच राहिलं. खोटं कशाला बोलायचं, नीलाबाईंना स्वतःचा असा राग आला होता की आरशात बघवेना.

आणि असा करता करता सहावा आठवडा संपला. शनिवार होता. साडेचारलाच मलप्पा घरी आले, हातात जड पिशवी. ती खुर्चीशेजारी ठेवून म्हणाले, "नेम आज पुरा होतोय न्हवं?"

"हाव."

"मग उद्यापन? सोमवारीच उरकू."

मलप्पांचं सगळं ठरलेलं होतं. मठातल्या जंगमस्वामींना जेवायला सांगायचं, सवाशिणींच्या ओट्या भरायच्या. "पण विधी बाईलाच इचारला पायजे. लाव त्यांना फोन. मी बोलतो." आणि नको नको म्हणेपर्यंत फोन लागलाही. मलप्पांनी तो स्पीकरवर टाकला आणि उभं राहूनच, हात जोडून बोलले.

"नमस्कार बाई. मलप्पा बोलतो, अहमदपूरहून. मंडळींचा नेम तुमच्या कृपेनं पुरा झाला. उद्यापनाला काय काय लागतंय? जंगम किती, सवाशिणी किती?" ते थांबले. घसा खाकरला. "अन् घरची लेक लागती का?"

नीलाबाई फोनच्या जवळ सरकल्या. हो म्हणा बाई. एक डाव हो म्हणा. तुमचं काय जातंय?

तिकडून राजश्रीबाई म्हणाल्या, "अप्पा, माफ करा. काहीतरी गैरसमज झाला आहे. मी देवाधर्मातली बाई नाही. मी समुपदेशक आहे, मनाला त्रास होतो त्यांच्यासाठी काम करते. मावशींना दिलं ते व्रत नव्हतं, मन शांत व्हायची सवय होती. तिला उद्यापन नसतं. घरात कुणाला बोलवायचं ते मी नाही सांगू शकत. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

"बरं," मलप्पा म्हणाले. "बरं, बरं." आणि फोन ठेवला.

नीलाबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आता आभाळ फाटणार. फसवलंस मला, सहा आठवडे येड्यात काढलंस, मनाच्या डॉक्टरकडं जाऊन आलीस आणि मी इथं टीव्ही बंद करून बसलो. सगळं येणार आता.

मलप्पा हळूच खुर्चीत बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी खुर्चीत जागा उरल्यासारखी वाटली.

"म्हंजे व्रत न्हवतं."

"न्हाई."

"मग उद्यापन बी न्हाई."

"न्हाई."

"मग हे मी काय करू?" त्यांनी पिशवी पायानं पुढं सरकवली.

नीलाबाईंनी उघडली. वरती पाच कोऱ्या वाट्या, ओटीबरोबर सवाशिणींना द्यायच्या. त्यांच्याखाली एक ताट, त्याच्यावर दुकानातल्या मशिननं टाकलेलं नाव, सौ. शिवानी. आणि ताटाच्या पोटात कागदात गुंडाळलेला एक लहानसा ग्लास, तीन वर्षांच्या पोराच्या मुठीत बसेल असा. चष्मा नव्हता. नीलाबाईंनी ग्लास खिडकीपाशी उजेडात नेला आणि त्यावरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

चि. शिवांश.

"कोण हे?" त्यांनी विचारलं. विचारता विचारताच कळलं. "तुमाला कसं ठाऊक?"

"तिचा फोन आलता दुकानात. दवाखान्यातून. तीन वर्सं झाली. म्हणली, अप्पा, मुलगा झाला, शिवांश नाव ठेवायचं म्हणून राहिलोय." मलप्पा जमिनीकडं बघत होते. "मी काई बोललो न्हाई. ठेवला फोन."

"अन् मला सांगितलं न्हाई!"

राजश्रीबाईंची सगळी शिकवण गेली चुलीत. नीलाबाई तुम्हीनंच सुरू झाल्या आणि तुम्हीवरच राहिल्या. "तुमी! तुमाला नाव ठाऊक होतं! तीन वर्सं तुमी ते नाव खिशात घालून हिंडलाव, अन् मी हितं माझ्या नातवाला नुसतं पोरगं, पोरगं म्हणून राहिले! ती बोलली तुमच्याशी, अन् तुमी फोन ठेवलाव! कसला हो रुबाब हा? कुणाला दाखवायला?" चाळीस वर्षांत त्या अशा कधी ओरडल्या नव्हत्या. समोरच्या ओट्यावर इंदूताई उठून उभ्या राहिल्या आणि शहाणपणानं आत गेल्या.

मलप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू पाचलाच का बसतीस ते मला पैल्याच दिवशी कळलं. तवापासून यायलोय. मला वाटलं, हिचं व्रत पुरं झालं की लेकीची ओटी भरावीच लागती. देवाच्या कामाला कोण न्हाई म्हणतंय? माझा शब्द बी राहील, अन् ती बी यील." त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. "आता कशाच्या नावानं बोलवू?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन कमी होते. नीलाबाईंच्या हातात तो ग्लास होता. राग गेला नव्हता, पण त्या रागाच्या खालून ते वाक्य आलं, न अडखळता, अगदी साधं.

"मला असं वाटतं," त्या म्हणाल्या, "की शिवूला फोन करावा."

मलप्पांनी वर बघितलं. "लाव," ते म्हणाले. "लाव, शिवूची आई."

नीलाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "अन् शपथ?"

"सुटली."

नंबर मलप्पांनी सांगितला, दहाच्या दहा आकडे, कुठंही न बघता. दोनदा वाजला आणि उचलला.

"आई?" पलीकडून शिवानी म्हणाली. आईचा नंबर तिनं पुसलेला नव्हता. "आई, काय झालं? कुणाला काय झालंय का? अप्पा बरे आहेत ना?" फिकीर करायची ती अगदी आईवर गेली होती.

"कुणाला काई झालं न्हाई ग," नीलाबाई म्हणाल्या. पुढं बोलायला पाच वर्षं साठवलेलं सगळं होतं.

तेवढ्यात शिवानीचा आवाज बदलला, शाळेतल्या बाईसारखा ताठ झाला. "अप्पांना माहिती आहे का तू फोन केलास ते?"

"हाव. हितंच हायत."

"मग त्यांना बोलू दे. मागच्या वेळी मी बोलले होते."

नीलाबाईंनी फोन स्पीकरवर टाकून दोन खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर ठेवला. मलप्पा त्याच्याकडं बघत राहिले. ज्या आवाजाला बाजार बिचकायचा तो कुठं गेला होता कोण जाणे. शिवानी वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. आणि मग मलप्पांना तेवढंच सुचलं, जे गेले तीन आठवडे स्वयंपाकघरातून त्यांच्या कानावर पडत होतं.

"मला असं वाटतंय, शिवू," ते म्हणाले, "की आज शनिवार हाय."

पलीकडून एक हुंदका आला, आणि मागं कुठंतरी एक बारीक आवाज, "आई, कोण आहे? मला दे ना."

"आजची गाडी तर निघून गेली हो अप्पा," शिवानी रडत रडत म्हणाली. "पुढच्या शनिवारी येते. याला गाडी लागते, खिडकीची जागा मिळाली तर..."

"पाचच्याच गाडीनं ये," मलप्पा म्हणाले. "मी स्टँडवर येतो."

त्यानंतर फोन त्या बारीक आवाजाच्या हातात गेला, आणि नीलाबाईंनी पहिल्यांदा तोंड भरून ते नाव घेतलं. एकदा घेतलं, परत घेतलं, उगाचच घेत राहिल्या. आत गॅसवरचं चहाचं दूध उतू जाऊन करपल्याचा वास बैठकीपर्यंत आला. मलप्पांनी उठून बटण बंद केलं, आणि नीलाबाईंनी ते बंद केलंत का म्हणून विचारलंसुद्धा नाही.